पहिल्या आठवड्यातला ट्रेझर हंट : ‘अ‍ॅक्शनबाऊंड’ तीन वर्षं वापरून

चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी ‘नो ड्यूज’वर सही घ्यायला माझ्या काउंटरला आली. रजिस्टर उघडलं तर तिच्या नावावर तीन वर्षांत एकही पुस्तक गेलेलं नव्हतं. का गं, म्हणून विचारलं. ती खाली बघत म्हणाली, “आत यायला पैसे लागतात असं वाटायचं, मॅडम.” मग वाचनकक्षाकडे बघून तिने विचारलं, “तिथले पेपर कुणीबी वाचू शकतं का?”

तिची सही करून दिली आणि त्या दिवशी घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

मी जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात ग्रंथपाल आहे. एकोणीस वर्षं झाली. आमच्याकडची कितीतरी मुलं घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली. कुणी केळीच्या पट्ट्यातल्या गावांतून एसटीने येतं, कुणी डोंगराकडच्या पाड्यावरून आधी पायी आणि मग काळीपिवळीने. घरी अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, तडवी. वर्गात पुस्तकी मराठी. नोटीस बोर्डावर इंग्रजी. अशा मुलाला “विचार की, कुणीही सांगेल” म्हणणं सोपं आहे. ते विचारत नाही. चुकीच्या खिडकीसमोर अर्धा तास उभं राहून परत जातं, पण विचारत नाही.

आमचा नव्या मुलांचा स्वागत समारंभ तेव्हा असा असायचा : जुलैचा पाऊस, पत्र्याच्या सभागृहात दोनशे मुलं, अडीच तास भाषणं. परीक्षा विभाग, एनएसएस, एनसीसी, शिष्यवृत्ती, क्रीडा, आणि शेवटी मी. माझ्या वाट्याला दहा मिनिटं. तोवर पोरांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे, कारण दीडची गाडी गेली की पुढची चारला. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१९ मध्ये नव्या मुलांच्या स्वागतासाठी ‘दीक्षारंभ’ नावाने मार्गदर्शिका काढली. मुलांनी एकमेकांत मिसळावं, संस्थेशी त्यांचं नातं जुळावं, नियम कळावेत आणि काहीतरी प्रत्यक्ष अनुभवावं, अशी तिची मांडणी आहे. आम्ही तिचं नाव बॅनरवर घातलं आणि भाषणं तीच ठेवली.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी प्राचार्यांकडे गेले आणि माझी दहा मिनिटं परत केली. त्याऐवजी मला एक सकाळ द्या म्हटलं. मोबाइलवर ट्रेझर हंट खेळू, पोरांना कॉलेज पायाखालून घालू. सरांनी एकच अट घातली : एकही मूल हरवल्यासारखं उभं दिसता कामा नये.

पहिल्या वर्षी दुसरंच एक अ‍ॅप घेतलं होतं. नाव लिहीत नाही, कारण घोळ बराचसा आमच्या निवडीचा होता. त्यात फोटो काढायचा, टाकायचा, पॉइंट मिळवायचे. पोरं ग्रंथालयाच्या पाटीसमोर सेल्फी काढून दोन मिनिटांत पुढच्या पाटीकडे पळाली. आत कुणी पाऊलसुद्धा टाकलं नाही. शिवाय प्रत्येक टीमचा फोटो सगळ्यांच्या स्क्रीनवर दिसत होता. दोन मुली बाजूला होऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. त्यांच्या घरी फोटो कुठे फिरलेला चालत नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. पुढे मोफत वापरात ठरावीक टीमच घेता येतात हे ऐन वेळी कळलं आणि उरलेल्या मुलांना मी शेवटी हाताने कागद वाटले. गंमत झाली म्हणायची सोय नव्हती. पण त्या कागदवाल्या पोरांना जास्त कळलं होतं, कारण त्यांना प्रत्येक ठिकाणी थांबून उत्तर लिहावं लागत होतं. तिथे माझे डोळे उघडले.

मग पुढच्या वर्षी ‘अ‍ॅक्शनबाऊंड’वर आले; इथून पुढे पहिलं-दुसरं वर्ष म्हणते ते याच अ‍ॅपचं. जर्मनीत तयार झालेलं, २०१२ पासूनचं अ‍ॅप आहे. खेळ तयार करायचा तो कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये, खेळायचा मोबाइलवर. एका खेळाला ते ‘बाऊंड’ म्हणतात. बाऊंड म्हणजे माळ, तिच्यात आपण मणी ओवत जायचं : कुठे नुसती माहिती, कुठे प्रश्न, कुठे ‘या जागी पोहोचा’, कुठे क्यूआर कोड स्कॅन करा, कुठे फोटो किंवा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. प्रश्नही तऱ्हेतऱ्हेचे : पर्यायांतून निवडा, उत्तर लिहा, आकडा अंदाजाने सांगा, यादी क्रमाने लावा. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. मे महिन्यात चार संध्याकाळी बसून मी चौदा थांब्यांचा पहिला बाऊंड उभा केला. मजकूर देवनागरीत लिहिला, तो नीट दिसला. अ‍ॅपची बटणं इंग्रजीत वापरली, पण बटणं आहेतच किती. दुसऱ्या थांब्यापर्यंत पोरांचा अंगठा सरावतो.

आमच्या भागासाठी या अ‍ॅपचा सगळ्यात मोठा गुण सांगते. बाऊंड आधी फोनवर उतरवून घेता येतो, मग इंटरनेट नसलं तरी खेळ चालतो. उत्तरं फोनमध्येच राहतात आणि नेट मिळालं की वर चढवता येतात. ज्या कॉलेजात फाटकापाशी एका कंपनीची रेंज आणि विज्ञान इमारतीत कुठलीच नाही, तिथे हाच गुण निर्णायक ठरतो. सकाळी वाचनकक्षातल्या वायफायवर सगळे फोन रांगेने बसवायचे, बाऊंड उतरवून घ्यायचा, मगच दार उघडायचं. दुसऱ्या वर्षी खेळ सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी पावसाने वीज गेली. ज्यांचं उतरवून झालं होतं त्यांना फरक पडला नाही. राहिलेल्यांसाठी मी छापील प्रत ठेवलेली असते. तेव्हाही होती, आताही ठेवते. कुठलंही अ‍ॅप घेतलंत तरी ती प्रत ठेवा.

आता जागा ओळखण्याबद्दल. जीपीएसवर मी पहिल्यांदा फार भरवसा टाकला होता. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर जागा सांगतो. पण भिंतीलगत, झाडांखाली, पत्र्याखाली तो भरकटतो, आणि मजला तर या कामी त्याच्याकडून कळतच नाही. आमची तीन मजली इमारत. तळमजल्यावर परीक्षा विभाग, त्याच्या डोक्यावर संगणक कक्ष, त्याच्याही डोक्यावर भूगोल. फोनच्या लेखी तिन्ही एकच. पोरं जिन्यात उभी राहून बाण फिरताना बघत राहिली. ही चूक अ‍ॅपची नव्हती, माझी होती. तेव्हापासून फाटक, मैदान, वडाचा पार आणि पार्किंग जीपीएसवर. इमारतीच्या आतलं सगळं क्यूआर कोडवर.

क्यूआर कोडबद्दल मला मुळातच आदर आहे, ग्रंथपालाला असायचाच. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तो निघाला. म्हणजे मुळात तो ‘कोणती वस्तू कुठे आहे’ याचाच हिशोब, आमच्या दाखल नोंदवहीचा चुलत भाऊ. त्यात दुरुस्तीची सोय असते. सगळ्यात वरच्या पातळीवर कोडचा जवळजवळ ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. आमच्या भिंतींची ओल बघता मी ती पातळी निवडते. पण पहिल्या वर्षी कोड चकचकीत लॅमिनेट केले आणि व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटची तिरीप नेमकी त्यावर पडली. स्वस्त कॅमेऱ्याच्या फोनला काही दिसेना. आता साध्या कागदावर तळहाताएवढा कोड छापते, कडेने चिकटपट्टी लावते, आणि आदल्या संध्याकाळी घरातला सगळ्यात जुना फोन घेऊन एकेक कोड स्वतः स्कॅन करून बघते. त्या फोनला दिसला म्हणजे सगळ्यांना दिसेल.

अ‍ॅपमध्ये नसलेली एक गोष्ट मी त्यात घातली, आणि माझ्या मते सगळा खेळ तिच्यावर उभा आहे. काही थांब्यांवर कोडच नाही. तिथे माणूस आहे. शिष्यवृत्तीच्या खिडकीवरच्या क्लार्क ताई, परीक्षा विभागातले दादा, प्रयोगशाळेतले परिचर मामा, जिमखान्याचे सर, माझे ग्रंथालय परिचर. प्रत्येकाकडे एक गुप्त शब्द. तो भिंतीवर लिहिलेला नाही, मोबाइलमध्ये नाही. टीमने जायचं, आपलं नाव आणि गाव सांगायचं, एक खरा प्रश्न विचारायचा, उत्तर ऐकून घ्यायचं, मग तो शब्द मिळतो. तो अ‍ॅपमध्ये टाकला की पुढचं दार उघडतं.

शब्द आमचेच : कापूस, मांडे, भरीत, कळणा, वाफसा. पहिल्या वर्षी ते टाइप करायला लावले आणि फसले. मुलं मोबाइलवर मराठी लिहितात ती रोमन अक्षरांत; देवनागरीत लिहिलं तर कुणाचा ‘कापूस’ ऱ्हस्व, कुणाचा दीर्घ. उत्तर बरोबर असून अ‍ॅप नाही म्हणतंय, हे पाहून एक मुलगा इतका खट्टू झाला की त्याने फोन मित्राच्या हाती दिला. शुद्धलेखनावरून ज्याला शाळेत मार बसलाय त्याला इथे पुन्हा तेच नको. आता चार शब्द समोर ठेवते, त्यातून ऐकलेला निवडायचा. शोध माणसाचा आहे, काना-वेलांटीचा नाही.

शिष्यवृत्तीच्या खिडकीवरचा एक प्रसंग मी स्वतः बाजूला उभी राहून पाहिला. चौघांची टीम. तिघं मागे सरले, एकाला पुढे ढकललं. तो आठ-दहा सेकंद गप्प उभा राहिला आणि मग त्याच्या तोंडून घरचीच भाषा निघाली, “ताई, स्कॉलरशिपना फारम कोठे भेटस?” आमच्या क्लार्क ताई धुळ्याकडच्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आठेच भेटस, बेटा. पन पह्यले महाडीबीटीवर भरना पडस.” (इथेच मिळतो, पण आधी महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावा लागतो.) पोराचे खांदे खाली आले. मग त्याने आधार बँकेला जोडलेलं नसेल तर काय, उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा चालेल का, हेही विचारलं. ते प्रश्न माझ्या क्लूमध्ये नव्हते.

त्यानंतर मी निम्मे क्लू अहिराणीत लिहिले. ग्रंथालयाचा क्लू असा आहे : “जठे आपुन बोलानं नही, पन हजारो मानसं बोलतस, तठे जा.” अहिराणी न येणारी मुलंही टीममध्ये असतात, तेव्हा दुसरं कुणी त्यांना अर्थ सांगतं, आणि ज्याला वर्गात बोलायची भीती वाटते तोच त्या घडीला दुभाष्या होतो. टीम मीच पाडते. एका गावचे दोघं एका टीममध्ये नाहीत, आणि कला, वाणिज्य, विज्ञान एकत्र.

ग्रंथालयाच्या आतला थांबा सगळ्यात लांबचा आहे, आणि तो तसा ठेवल्याबद्दल मी कुणाचं ऐकत नाही. आमच्याकडे पुस्तकं ड्यूई दशांश पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला आकडा देऊन, लावली आहेत. १८७६ पासून चालत आलेली ही पद्धत पोरांना पाठ करायला लावण्यात अर्थ नाही. एकदा रॅकमधून चालून बघितली की समजते. क्लू म्हणतो : ८९१.४६ शोधा. पोरं आधी १०० कडे जातात, मग ३०० कडे, समाजशास्त्राच्या रॅकपाशी थबकतात, आकडे वाढत चाललेत हे कुणाच्या तरी लक्षात येतं, आणि मग सगळी ८०० कडे धावतात. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. तिथल्या रॅकवरून चौघांनी मिळून एक पुस्तक निवडायचं, काउंटरवर आणायचं, आणि ते त्याच दिवशी एकाच्या नावावर द्यायचं. ओळखपत्र अजून आलेलं नसतं, तरी मी प्रवेशाच्या पावतीवर देते. नियमात बसवून घेतलंय. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच सांगतो की पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. प्लास्टिकच्या ओळखपत्राची वाट बघत पुस्तक महिनाभर रॅकवर ठेवणं त्यात बसत नाही.

त्याच थांब्यावर अंदाजाचा प्रश्न आहे : या खोलीत पुस्तकं किती? एका टीमने ८०० लिहिलं होतं. आमच्याकडे ३८ हजारांच्या वर आहेत. खरा आकडा स्क्रीनवर आला तेव्हा त्यांनी मान वर करून छतापर्यंतचे रॅक पुन्हा पाहिले.

दुसऱ्या वर्षी एक थांबा वाढवला, तो एका माजी विद्यार्थिनीच्या सांगण्यावरून. तिने सांगितलं की मुलींचं स्वच्छतागृह कुठे आहे हे तिला पहिले बारा दिवस माहीत नव्हतं. म्हणून ती घरून निघाल्यापासून परत जाईपर्यंत पाणी पीत नसे. बारा दिवस! आणि आम्ही स्टेजवरून ध्येय, उद्दिष्टं, कॉलेजचं नॅक मूल्यांकन सांगत होतो. आता मुलींच्या बाऊंडमध्ये महिला कक्ष हा दुसराच थांबा आहे. तिथे सॅनिटरी पॅड कुठे मिळतात, आराम करायला खाट कुठे आहे, तक्रार समितीच्या मॅडम कोणत्या खोलीत बसतात, हे सगळं एक वरिष्ठ विद्यार्थिनी सांगते आणि शब्द देते. त्यासाठी तेवढ्या थांब्यापुरता मुलांचा आणि मुलींचा गट वेगळा होतो. मुलगे तोवर मुलांच्या स्वच्छतागृहाकडे आणि पाण्याच्या टाकीकडे. अ‍ॅपमध्ये यासाठी दोन वेगळे बाऊंड करावे लागले. काम वाढलं, पण या थांब्यासाठी वाढलेलं काम मला काम वाटलं नाही.

आवाज रेकॉर्ड करायची सोय मी उशिरा वापरली. वनस्पतिशास्त्राच्या बागेत बहाव्याखाली एक काम ठेवलं : या झाडाला तुमच्या घरी काय म्हणतात, ते ज्याच्या त्याच्या बोलीत सांगा, आणि घरी याचा काही उपयोग करतात का तेही. मला वाटलं पाच-सहा सेकंदांची रेकॉर्डिंग येतील. पाड्यावरून आलेली एक पावरा मुलगी जवळजवळ दोन मिनिटं बोलली होती. झाडाचं नाव, त्याच्या शेंगेचा गर कशावर देतात, तिची आजी ते कधी गोळा करते. पहिल्या तासाला वर्गात नाव विचारलं तेव्हा तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोहोचला नव्हता. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी ते रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं आणि तिला बोलावून आणखी विचारलं. ते आता झाडांच्या पाट्यांवर बोलीतली नावं घालताहेत.

पॉइंटबद्दल माझं मत पक्कं झालंय : वेगाला पॉइंट देऊ नका. पहिल्या वर्षी दिले होते. ओल्या फरशीवरून पळताना एक मुलगा पडला, गुडघा फुटला. थोडक्यात निभावलं. तेव्हापासून वेळेचे पॉइंट शून्य. अकरा थांबे केले तरी टीम जिंकलेली. आणि शेवटी बक्षीस म्हणजे वडाच्या पारावर सगळ्यांना वरण-बट्टी. तीही अन्न शिजवणाऱ्या मावशींनी सकाळपासून थापलेली. जेवताना पहिल्यांदाच टीममधली चौघं एकमेकांचे नंबर घेताना दिसतात.

गर्दीचंही सांगायला हवं. तीस टीम एकदम सोडल्या तर तीसही पहिल्या थांब्यावर जाऊन पडतात आणि क्लार्क ताईंचा घसा बसतो. म्हणून मी एकाच बाऊंडच्या चार प्रती करते, प्रत्येकीची सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून, आणि दर दहा मिनिटांनी आठ टीम सोडते. सगळं दीड तासात आटपलं पाहिजे. दीडच्या गाडीचं भान मी सोडत नाही.

एका टीमला एकच फोन. प्रत्येक मुलाकडे फोन असतोच असं नाही, आणि असला तरी त्यात रिचार्ज असतोच असं नाही. फोन ज्याचा, खेळ त्याचा, असं होऊ नये म्हणून नियम आहे : प्रत्येक थांब्यावर फोन पुढच्या हातात जाणार. क्लू मोठ्याने वाचायचा. फोनचा मालक शेवटचा. काउंटरवर चार पॉवर बँक ठेवते, बारा टक्के बॅटरी घेऊन येणारं कुणीतरी असतंच.

नावं आणि फोटो यांचा विचार अ‍ॅप घेण्याआधी करा. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालच्यांना मूल धरलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. आमची पहिल्या वर्षाची बरीच मुलं सतरा-साडेसतराची असतात. म्हणून अ‍ॅपमध्ये कुणाचंही स्वतःचं नाव, नंबर, ईमेल काही घालत नाही. टीमची नावं फक्त : तापी, गिरणा, वाघूर, पांझरा, अनेर, मोर, सुकी. फोटो हवा असेल तर वस्तूचा किंवा हाताचा, चेहऱ्याचा नाही. निकाल बघून झाले, रेकॉर्डिंग मुलांना विचारून ठेवायची ती उतरवून घेतली, की बाकीचं पुसून टाकते.

आमच्या इतिहासाच्या मॅडमनी हेच अ‍ॅप पुढे अभ्यासाला लावलं. झाशीच्या नेवाळकर घराण्याशी जोडलेल्या पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्यात त्या दुसऱ्या वर्षाची मुलं घेऊन गेल्या. तिथे जीपीएस छान चालला, कारण वर नुसतं आभाळ. मुलं खंदकाच्या कडेने फिरली, बुरूज मोजले, कुठला दगड नंतर बसवलेला दिसतो त्याचे फोटो काढले, आणि प्रत्येक थांब्यावर मॅडमचा प्रश्न होता : हे इथेच का बांधलं असेल? परत येताना त्यांनी मुलांना सांगितलं की हा खेळ जगात कसा सुरू झाला. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेने सर्वसामान्यांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि त्याच आठवड्यात ओरेगॉनमध्ये डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने जंगलात एक बादली लपवून तिची जागा आकड्यांत जाहीर केली. तिथून ‘जिओकॅशिंग’ जगभर पसरलं. किल्ल्यावरचा तो बाऊंड प्रवेशाच्या वेळच्या बाऊंडपेक्षा खूप अवघड होता आणि तो करायला मॅडमना तीन आठवडे लागले. अभ्यासासाठी वापरायचं तर एवढी तयारी धरूनच चला. पाठ्यपुस्तकातले दहा प्रश्न उचलून क्यूआर कोडमागे टाकले तर ती परीक्षाच होते, फक्त उन्हातली. आमच्याच एका विभागात ते करून पाहिलं आणि तिसऱ्या प्रश्नाला पोरं सावलीत जाऊन बसली.

पैशांचं. खाजगी, घरगुती वापर मोफत आहे. शाळा-कॉलेजांना परवाना विकत घ्यावा लागतो, आधी चाचणी म्हणून वापरून बघता येतो. बिल परकीय चलनातलं, त्यामुळे आमच्या लेखा विभागात फाइल दोन महिने फिरली. जुलैत खेळ हवा असेल तर कागदपत्रं मार्चमध्ये हलवा. ज्या कॉलेजात एवढेही पैसे नाहीत त्यांनी हात टेकू नयेत. गुगल फॉर्ममध्ये विभाग पाडून, बरोबर उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही अशी अट घालता येते, आणि दारावर छापील क्यूआर. त्याला नेट लागतं, एवढाच फरक. आणि शंभरच्या आत मुलं असतील तर कागद, पेन्सिल आणि खिडकीवरची माणसं यांवरही हे सगळं होतं. आधीच्या अ‍ॅपच्या वेळच्या आमच्या कागदवाल्या पोरांनी ते दाखवून दिलंय.

मग अ‍ॅप घ्यायचं कशाला? मी घेते, कारण संध्याकाळी निकाल उघडल्यावर कुठल्या थांब्यावर किती टीम अडल्या ते दिसतं. पहिल्या वर्षी तीसपैकी एकोणीस टीम परीक्षा विभागापाशी अडल्या होत्या. जाऊन बघितलं तर खिडकीवर पाटीच नव्हती. आतली माणसं वीस वर्षं तिथेच बसताहेत, त्यांना पाटीची गरज कधी वाटली नाही. दुसऱ्या दिवशी पाटी लागली, मराठीत, ठळक. कागदावर हे मला कळलं नसतं.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. डोळ्यांनी कमी दिसणारी दोन मुलं यंदा आमच्याकडे येताहेत. माहिती वाचून दाखवायला आवाजाची फाइल जोडता येते, ती मी प्रत्येक थांब्याला जोडतेय, माझ्याच आवाजात. पण रॅकमधून ८९१.४६ शोधण्याचा थांबा त्यांच्यासाठी काय करायचा हे अजून सुचलेलं नाही. रॅकच्या कडेला उठावदार आकडे लावून बघणार आहे. कुणी केलं असेल तर जरूर कळवा.

माझ्याकडची कोरी वाचक कार्डं पूर्वी दिवाळीपर्यंत पुरायची. गेल्या वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात संपली आणि मला घाईने छापखान्यात जावं लागलं.

यंदाचे क्लू मागच्या वर्षीच्या मुलांनी लिहिलेत, मी फक्त तपासले. त्यांनी स्वतःहून एक थांबा वाढवलाय, तोही कॉलेजच्या बाहेर : एसटी स्टँडवरची पासची खिडकी. म्हणाले, मॅडम, आम्हाला पास कुठे मिळतो हेच ऑगस्टपर्यंत माहीत नव्हतं, रोज पूर्ण तिकीट काढत होतो. मी आगारात जाऊन परवानगी आणली. खिडकीवरच्या दादांनी आपला गुप्त शब्द लगेच सांगितला. तो इथे लिहीत नाही, जुलैत येणारी मुलं हे वाचतील.